खालचा मजकूर

प्रिंटरमधून कागद बाहेर आला न आला तोच मायाने तो कात्रीत धरला, खालचा निम्मा भाग सर्रकन कापला आणि टेबलाखालच्या खोक्यात टाकला. वरचा निम्मा भाग्यश्रीच्या हातात दिला.

"एवढंच हाय व्हय?" भाग्यश्रीने कागद उलटा करून पाहिला.

"एवढंच. यादीत नाव हाय तुझं, पन पत्र आडवलंय. आज कंपनीचा मानूस येनार हाय हितं. त्यानं हो म्हनलं, की सोमवारी हजर व्हायचं."

"आन् न्हाई म्हनला तर?"

मायाने कात्री टेबलावर ठेवली. भाग्यश्री आयटीआय करून दोन वर्षं घरात बसली होती. तिची सासू रोज सकाळी भांडी जरा जास्तच जोरात आपटते, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

"खालचं कापलं त्ये काय हुतं?"

"त्ये कुनाचंच नसतं गं."

खरंच नसतं. कंपनीच्या मेलमध्ये कामाच्या दोन ओळी, आणि त्याखाली अठरा ओळी बारीक इंग्रजी मजकूर. हा निरोप गोपनीय आहे. ज्याच्या नावाने पाठवला त्याच्याचसाठी आहे. तुम्ही तो नसाल तर वाचू नका, ठेवू नका, कुणाला दाखवू नका, ताबडतोब पुसून टाका आणि आम्हाला तसं कळवा. आता बोला! वाचू नका असं लिहायचं, आणि लिहायचं कुठे, तर सगळं वाचून झाल्यावर. सुरुवातीला माया अख्खा कागद देत असे. पण एकदा आक्काबाईने मुलाच्या नेमणुकीच्या पत्राखाली एवढा मोठा मजकूर पाहिला आणि ती कोर्टाची नोटीस समजून दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून कात्री आली. कापलेल्या पट्ट्यांच्या कोऱ्या बाजूला माया कुणाला कोणते दाखले आणायचे ते लिहून देई, तेवढाच त्यांचा उपयोग.

"ताई, तो भाग कापायचा नसतो."

दारात सार्थक उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला काळी बॅग. याच दुकानात डिप्लोमाचे फॉर्म भरायला तो दप्तर छातीशी धरून यायचा आणि लाइट गेली की घामाघूम होऊन बसून राहायचा. आता कारेगावच्या कंपनीत तो भरतीचं काम बघत होता.

"या या, साहेब आलं! भाग्यश्री, ऊठ, साहेबांना खुर्ची दे."

"ताई, साहेब काय म्हणता."

"मग काय म्हनू? कुत्रं तरी भुंकलं का तुझ्यावर गावात शिरताना? वळखलंच नसंल त्यानं."

तो हसला, पण बसल्यावर त्याने बॅगेतून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला, तेव्हा हसू गेलं होतं.

"माझ्या नावावर आलंय हे प्रकरण. पुण्याच्या ऑफिसमध्ये नवीन सॉफ्टवेअर बसवलंय. त्यात दिसलं, एकोणीस उमेदवारांचा ईमेल पत्ता एकच. तुमचा. साहेब म्हणाले, ही गोपनीयतेची थट्टा आहे, यादी रद्द करा. मी मध्ये पडलो. आता एकच मार्ग आहे. एकोणीस जणांचे वेगळे पत्ते काढायचे, तुमच्याकडचे आमच्या कंपनीचे सगळे मेल पुसायचे, आणि या फॉर्मवर तुम्ही सही करायची."

भाग्यश्रीने मायाकडे पाहिलं.

पत्ता एकच होता, यात मायाला चूक कधी दिसलीच नव्हती. मांडवगण फराट्यात तिने हे दुकान टाकलं, त्याला चौदा वर्षं झाली. फॉर्ममध्ये ईमेलचा रकाना असे, आणि तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नसे. माणसं विचारायची, ह्यात काय लिहायचं? माया स्वतःचा पत्ता टाकायची. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, त्यात प्रत्येकाचा पत्ताही आला, पण पासवर्ड कुणाला माहीत? "ताईचाच टाका" हे गावाच्या तोंडी बसून गेलं. पिंपळाच्या पारावर जसा सगळ्यांचा हक्क, तसा त्या पत्त्यावर. नेमणुका, नकार, डॉक्टरी तपासण्यांचे निकाल, कुणाला कामावरून कमी केल्याचं, कुणी मागितलेली माफी, सगळं एका पेटीत येऊन पडायचं. आणि माया ते ज्याचं त्याला पोचवायची. चांगलं असलं तर दुकानातूनच हाक मारून, वाईट असलं तर दुकान बंद करून त्याच्या घरी जाऊन.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आप्पांचं बघितलं होतं. आप्पा म्हणजे तिचे वडील मच्छिंद्र, आयुष्यभर पोस्टमन. दौंडच्या बाजूने आलेली थैली सायकलला लावायची आणि भीमेकाठच्या वाड्यावस्त्या फिरायच्या. त्या काळात टपाल म्हणजे बहुतेक पोस्टकार्डच. ना पाकीट, ना गोंद. ज्याला अक्षर येतं त्याने खुशाल वाचावं. आणि ज्यांना येत नसे त्यांना आप्पाच वाचून दाखवत. मेंढरं घेऊन कोकणात उतरलेल्या माणसांची कार्डं धनगरवाड्यावर यायची, बायका पदर सावरून भोवती बसायच्या. कार्ड वाचून घ्यायला कुणाला आप्पांची जात आडवी आली नाही. वाचून झाल्यावरचा चहा मात्र वेगळ्या कपात यायचा. आप्पा तो कप न पिता उठत, आणि तरी त्या घरातली गोष्ट त्यांनी दुसऱ्या घरी कधी नेली नाही. सगळ्यांच्या कपातला चहा फक्त म्हस्कू कोळेकराच्या घरी. म्हस्कू म्हणजे सार्थकचा बाप. तिथे आप्पा दोन कप प्यायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, आज चहा झालाय.

काय दिवस होते ते! सगळं उघडं, आणि सगळं झाकलेलं. अजून सायकलची घंटी ऐकू आली की मायाची मान आपोआप दाराकडे वळते.

तिने चष्मा लावून फॉर्म वाचला. शेवटची ओळ तिने बोटाने दाखवली.

"ह्ये काय हाय? 'सदर पत्त्यावर आलेला कोणताही मजकूर त्रयस्थ व्यक्तीने वाचलेला नाही.' सार्थक, मी त्रयस्थ ना?"

"हो. म्हणजे फॉर्मच्या भाषेत."

"मग मी तर समदं वाचलंय. वाचल्याबिगर कुनाचा हाय ते कसं कळनार? खोटं कसं लिहून देऊ?"

"ताई, ती नुसती छापील ओळ आहे. कुणी वाचत नाही."

"कुनी वाचत न्हाई तर लिवता कशाला?"

"ताई, करा की सही," भाग्यश्री हळूच म्हणाली. "काय जातंय आपलं?"

"तुझं पत्र जातंय, ते ठाऊक हाय मला. बघू. आधी मेल तर पुसू."

दोन तास नवे पत्ते काढण्यात गेले. एकोणीस नावं, एकोणीस पासवर्ड. माया प्रत्येक पासवर्ड एकेका पट्टीच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होती. सार्थकने ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मग तिने कंपनीचं नाव टाकून जुने मेल शोधले. तीनशे बारा निघाले.

यादीत फक्त माणसाचं नाव आणि तारीख दिसत होती. गिऱ्हाईक मागून डोकावतं म्हणून मायाने मुद्दाम तशी सोय करून घेतली होती. तिला स्वतःला आत काय आहे ते बघावं लागत नसे. नाव दिसलं की गोष्ट आठवायची.

"सगळे एकदम पुसता येतील," सार्थक म्हणाला.

"येतील. पन मी एकेक पुसते. चौदा वर्षं एकेकच आलेत."

तिने सुरुवात केली. नागसेन. याचा मेल आला तेव्हा तो विहिरीच्या कामावर होता, माया स्कूटर घेऊन बांधापर्यंत गेली होती, आणि तो चिखलाच्या हातांनी कागद धरायला तयार होईना. पुसला. मोनिका. मुलाखतीला जाताना तिने मायाच्या चपला घालून नेल्या, त्या आजतागायत परत आल्या नाहीत. पुसला. एक नाव आलं तेव्हा माया थांबली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. पुढचं नाव त्याचंच होतं.

"माझा?"

"तुझा. पयल्यांदा नापास झालास तोबी हाय, आन् लागलास तोबी हाय. बघायचाय?"

"नको." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही कुणाला कधी..."

"काय?"

"नाही, काही नाही."

दोन्ही पुसले गेले. आणि त्यांच्या लगेच वरती, कंपनीचं उत्तर आणि मायाने पाठवलेला मेल एकत्र, एकच ओळ होती. म्हस्कू सोनबा कोळेकर.

मायाचा हात थांबला. तीनशे बारा मेलांत हा आहे, हे ती विसरली होती असं नाही. तिला वाटलं होतं, सार्थक तोपर्यंत कंटाळून फोनवर बोलायला बाहेर जाईल.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मेंढरं विकून टाकल्यावर म्हस्कूमामा रिकामे झाले होते. बाजाराला जातो असं घरी सांगून ते मायाकडे आले आणि कंपनीत साफसफाईच्या कामाचा अर्ज भरून गेले. पांढरं धोतर नेसून, कोशा पटका बांधून कारेगावला मुलाखत दिली. घेतलंही त्यांना. गंमत अशी, की बापाचं पत्र आणि लेकाचं पत्र एकाच आठवड्यात, एकाच पत्त्यावर येऊन पडलं. माया नाचायचीच बाकी राहिली. पण सार्थक हजर झाल्यावर चारच दिवसांनी म्हस्कूमामा दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "माया, माझं नाव काढ त्यातनं."

"का मामा? लागलाय की तुमी!"

"पोरगं थितं खुर्चीत बसतंय. त्याच्या टेबलावर म्या फडकं मारू? मला आबा म्हनायच्या आधी त्याला चार जनांकडं बघावं लागंल. नगं. लिव, की येनार न्हाई. आन् ह्ये त्याला कवाच कळू द्यायचं न्हाई. सायेबांनी मला बघितलंय, तवा म्या त्या गेटाकडं फिरकायचा बी न्हाई."

मायाने तसं लिहिलं. उत्तरात एका ओळीत धन्यवाद आले आणि खाली अठरा ओळी गोपनीयता. दोन वर्षांपूर्वी म्हस्कूमामा गेले.

"ताई," सार्थकचा आवाज बदलला होता. "आबांचा मेल? आमच्या कंपनीत?"

"हाय."

"उघडा."

"न्हाई."

"ताई, आबांचा हाय तो."

"म्हनून तर."

"मी मुलगा हाय त्यांचा!"

"ते मला सांगतोस व्हय? तुला कडेवर घेऊन तुझा आबा आमच्या दारात येत हुता. पन त्यांना तुला सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मला म्हनले, सांगू नको."

सार्थक उठून उभा राहिला. त्याने टेबलावरचा फॉर्म हातात घेतला, परत ठेवला.

"मग मला पण सही घेता यायची न्हाई," तो म्हणाला. "काय पुसलं ते बघितल्याशिवाय मी कंपनीला काय सांगू?"

बाकावर बसलेली भाग्यश्री एकदम ताठ झाली. हातातल्या अर्ध्या कागदाची तिने घडी घातली, उलगडली, परत घातली. तोंडाने ती काहीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर मायाला सोपं गेलं असतं.

एक बटण दाबायचं. पोरगं वाचेल, रडेल, कदाचित त्याचं भलंच होईल. इकडे भाग्यश्री सोमवारी कामावर जाईल. गेलेल्या माणसाला काय कळणार आहे? पण तिने हात पुढे केला आणि तळवा पडद्यावर त्या नावावर ठेवला.

"अठरा अठरा ओळी लिहून पाठवता ना रं रोज? ज्याच्या नावाचा न्हाई त्यानं वाचू नये म्हनून? मग एकदा तरी पाळा की. एकदा तरी!" तिचा आवाज चढला, आणि मग तिलाच वाईट वाटून तो उतरला. "ह्या पोरीचं पत्र त्यासाठी आडवू नको. तिचा काय गुन्हा?"

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

"तीन वेळा गाडी घेऊन आलो होतो त्यांना न्यायला," सार्थक खाली बसत म्हणाला. "कंपनीत घरच्यांना बोलावतात वर्षातनं एकदा. जेवण असतं, फोटो काढतात. सगळ्यांचे आईबाप यायचे. आबा म्हनायचे, मला न्हाई बघायची तुझी कंपनी. तिसऱ्या वेळी मी लई बोललो त्यांना. म्हनलं, मेंढरं विकायला लागली माझ्या शिक्षणापायी, त्याचा राग हाय तुमच्या मनात, तो सरळ सांगा. काय बोलले न्हाईत. गोठ्यात जाऊन बसले. नंतर मी बोलावणंच सोडलं."

मायाने पडद्यावरचा तळवा उचलला नाही.

"तारीख तरी सांगा," तो म्हणाला. "तारखेला काय गोपनीय नसतं."

नसतंच. कार्डावरचा शिक्का आप्पाही कुणालाही दाखवायचे. मायाने पडद्यावरचा हात बाजूला घेतला. नावापुढे तारीख होती, चौदा जून दोन हजार एकोणीस.

सार्थक ती तारीख वाचत राहिला.

"मी दहा जूनला लागलो," तो म्हणाला.

मायाने त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं. ती समोरच्या भिंतीवरच्या दाखल्यांच्या दरपत्रकाकडे बघत राहिली. शेजारून ओळखपत्राची नाडी ओढल्याचा आवाज आला. ते त्याने गळ्यातून काढून मुठीत धरलं होतं.

"कुठल्या कामाला..." असं म्हणून तो थांबला. "नको. नका सांगू."

त्याने माऊस स्वतःच्या हातात घेतला. बाण वडिलांच्या नावावर नेला. नुसतं दाबलं असतं तर मेल उघडला असता. त्याने शेजारचा चौकोन निवडला आणि पुसण्याचं बटण दाबलं. कायमचं पुसायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याने होय म्हटलं, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून, दुकानात दोन बायका बसल्या आहेत हे विसरून, तो रडला.

"स्वतःवर रागवायचं सोडून मी त्यांच्यावरच रागावलो, ताई."

भाग्यश्री उठली, माठातून पाणी आणलं आणि त्याच्यासमोर ठेवून बाकावर परत जाऊन बसली.

उरलेले मेल मायाने पुसले. एकेकच. सार्थक शेवटपर्यंत शेजारी बसून होता, पण पडद्याकडे बघत नव्हता. यादी संपली तेव्हा तिला वाटलं होतं तेवढं मोकळंही वाटलं नाही आणि रितंही. दुपारचे तीन वाजले होते आणि कुणीच जेवलं नव्हतं.

"आता त्या ओळीचं काय करायचं?" तिने विचारलं. "मी खोटं लिहून देनार न्हाई, सार्थक. आन् पोरीचं पत्रबी पायजे मला."

सार्थकने फॉर्म पुढे ओढला. पेन काढलं. 'त्रयस्थ व्यक्तीने वाचलेला नाही' या छापील ओळीवर त्याने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'चौदा वर्षे वाचला आहे. कोणालाही सांगितलेला नाही. याची मी स्वतः खात्री केली आहे.'

"पुन्याचं सायेब चालवून घेतील का?" भाग्यश्रीने विचारलं.

"मी बोलतो त्यांच्याशी. तू सोमवारी सातला गेटवर ये."

खाली खात्री करणाऱ्याचं नाव लिहायला एक रेघ होती. त्याने तिथे नाव लिहिलं, अक्षरं जरा सुटी सुटी, शाळेतल्यासारखी. सार्थक म्हस्कू कोळेकर. मधलं नाव लिहून झाल्यावर पेन क्षणभर तिथेच टेकून राहिलं. मग त्याने सही केली आणि फॉर्म मायाकडे सरकवला.